ॲमी जॉन्सन

ॲमी जॉन्सन (जन्म: १ जुलै १९०३, हल, इंग्लंड, मृत्यू: ५ जानेवारी १९४१, थेम्स नदीचे मुख) या एक विख्यात ब्रिटिश वैमानिक होत्या. मे १९३० मध्ये त्यांनी 'जेसन' नावाच्या आपल्या मालकीच्या छोट्या विमानातून इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा सुमारे १८,००० किलोमीटरचा प्रवास एकटीने पूर्ण केला. असे उड्डाण करणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत. उड्डाणाचा परवाना मिळवून त्यांना तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. ग्राऊंड इंजिनियरचा 'सी' वर्गाचा परवाना मिळवणाऱ्याही त्या पहिल्या ब्रिटिश महिला होत्या. या परवान्यामुळे विमानाचे इंजिन तपासण्याचा आणि ते उड्डाणास योग्य असल्याचे प्रमाणित करण्याचा अधिकार त्यांना मिळाला.

त्यांच्या कीर्तीचा आधार विक्रम असला, तरी हलक्या खाजगी विमानांच्या इतिहासात त्यांचे स्थान आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. विमानाच्या मालकाला आपल्या यंत्राची पूर्ण माहिती असली पाहिजे, हे त्यांनी स्वतःच्या आचरणातून दाखवले. मात्र हवामान, इंधन आणि दिशा यांविषयीचा अंदाज चुकला, तर निष्णात वैमानिकही संकटात सापडतो, हेही त्यांच्या चरित्रातून आणि अखेरीस त्यांच्या मृत्यूतून दिसून येते.

बालपण आणि शिक्षण

ॲमी यांचा जन्म इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदराच्या शहरात झाला. वडील जॉन विल्यम जॉन्सन हे मासळीचे व्यापारी होते. घरची स्थिती सुखवस्तू होती. चार बहिणींत ॲमी थोरल्या होत. शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू तोंडावर लागून त्यांचा पुढचा दात तुटला. या अपघातानंतर त्या काहीशा अबोल आणि एकलकोंड्या झाल्याचे चरित्रकार नमूद करतात. खेळाची आवड मात्र कायम राहिली.

हलमधील शालेय शिक्षण पूर्ण करून त्या शेफिल्ड विद्यापीठात दाखल झाल्या आणि १९२५ साली अर्थशास्त्र हा विषय घेऊन पदवीधर झाल्या. त्या काळी मध्यमवर्गीय घरातील पदवीधर मुलीसमोर शिक्षिका किंवा टंकलेखिका होणे असे मोजकेच मार्ग असत. ॲमी यांनी काही काळ हलमध्ये नोकरी केली आणि नंतर त्या लंडनला गेल्या. तेथे एका वकिलाच्या कचेरीत त्यांना चिटणीस म्हणून काम मिळाले. याच सुमारास त्यांचा अनेक वर्षांचा प्रेमसंबंध संपुष्टात आला. कचेरीतील ठरावीक कामातही त्यांचे मन रमत नव्हते. अशा मनःस्थितीत असताना त्या लंडनच्या उत्तरेकडील स्टॅग लेन विमानतळावर गेल्या आणि तेथून त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

हलक्या विमानांचा उदय

पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत विमान हे सैन्याचे किंवा श्रीमंतांचे साधन मानले जाई. युद्धातून उरलेली विमाने जड होती, त्यांना इंधन फार लागे आणि त्यांची देखभालही खर्चिक असे. १९२५ साली जेफ्री डी हॅविलँड यांच्या कंपनीने 'मॉथ' हे दोन आसनी हलके विमान तयार केले आणि ही परिस्थिती बदलू लागली. मॉथचा सांगाडा लाकडाचा होता आणि पंख कापडाने मढवलेले असत. कापड ताठ व टिकाऊ राहावे म्हणून त्यावर 'डोप' नावाचे रोगण चढवीत. पंख मागे दुमडता येत असल्यामुळे विमान लहानशा शेडमध्ये ठेवता येई. १९२८ पासून त्यास 'जिप्सी' हे चार सिलिंडरचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे इंजिन बसवले जाऊ लागले. हेच पुढे 'जिप्सी मॉथ' या नावाने प्रसिद्ध झाले.

याच काळात ब्रिटिश सरकारने हलक्या विमानांच्या क्लबांना अर्थसाहाय्य देण्यास सुरुवात केली. त्यामुळे नोकरदार मनुष्यालाही सुटीच्या दिवशी उड्डाण शिकणे शक्य झाले. ही चळवळ लवकरच ब्रिटिश साम्राज्याच्या इतर भागांतही पोहोचली. मुंबईत १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली आणि जुहू येथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले.

ही विमाने सोपी असली, तरी निर्धोक नव्हती. वैमानिक उघड्या कॉकपिटमध्ये बसत असे. रेडिओ नसे. चाकांना ब्रेक नसत, त्यामुळे उतरताना वेग अधिक राहिला तर विमान मैदानाच्या कडेपर्यंत धावत जाई. दिशा ठरवण्यासाठी होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारे रेल्वेमार्ग, नद्या व किनारे एवढाच आधार असे. मध्येच इंजिन बंद पडल्यास जवळचे मोकळे मैदान शोधून उतरावे लागे. इंजिनाची निगा आणि वैमानिकाचा निर्णय यांवरच सुरक्षितता अवलंबून होती.

उड्डाणाचे शिक्षण

सप्टेंबर १९२८ मध्ये ॲमी लंडन एरोप्लेन क्लबच्या सदस्य झाल्या. पहिला धडा निराशाजनक ठरला. डोक्यावरचे शिरस्त्राण फार सैल असल्याने प्रशिक्षकाच्या सूचना त्यांना नीट ऐकू आल्या नाहीत आणि त्यांच्या क्षमतेविषयीच शंका घेण्यात आली. तरीही त्यांनी शिकणे सोडले नाही. पगारातून वाचवलेला पैसा त्या उड्डाणाच्या तासांवर खर्च करीत. जुलै १९२९ मध्ये त्यांना 'ए' वर्गाचा, म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना मिळाला.

विमान उडवता येणे त्यांना पुरेसे वाटले नाही. क्लबचे मुख्य ग्राऊंड इंजिनियर जॅक हम्फ्रीज यांच्या परवानगीने त्या कार्यशाळेत काम शिकू लागल्या. सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी तेथून सुटल्यावर त्या अंगावर कामाचे कपडे चढवून इंजिनाचे भाग सोडवणे, स्वच्छ करणे आणि पुन्हा जोडणे ही कामे करीत. कार्यशाळा हे त्या काळी पूर्णपणे पुरुषांचे क्षेत्र होते. सुरुवातीच्या संकोचानंतर तेथील कामगारांनी त्यांना आपल्यात सामावून घेतले आणि त्यांना 'जॉनी' या पुरुषी नावाने हाक मारू लागले. पुढे त्यांनी कचेरीतील नोकरी सोडून सर्व वेळ विमानविद्येला दिला.

त्या वेळच्या ब्रिटिश नियमांनुसार ग्राऊंड इंजिनियरचे परवाने वेगवेगळ्या वर्गांत विभागलेले होते. 'सी' वर्गाचा परवाना इंजिनाची नित्य तपासणी आणि देखभाल करण्यासंबंधीचा असे. १९२९ साली ॲमी यांनी तो मिळवला. पुढील वर्षी निर्जन ठिकाणी, जवळ कोणीही तंत्रज्ञ नसताना, त्यांना स्वतःच्या विमानाची निगा राखता आली, ती या शिक्षणाच्या बळावर.

'जेसन' विमानाची खरेदी

इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकट्याने उड्डाण करण्याचा पराक्रम १९२८ साली बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने केला होता. त्यांना साडेपंधरा दिवस लागले होते. हा विक्रम मोडण्याचे ॲमी यांनी ठरवले, तेव्हा त्यांचा इंग्लंडबाहेर उड्डाणाचा काहीही अनुभव नव्हता. लंडनहून हलपर्यंतचे उड्डाण हाच त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास होता.

पैशाच्या मदतीसाठी त्यांनी अनेकांना पत्रे लिहिली. बहुतेकांनी नकार दिला किंवा उत्तरच पाठवले नाही. अखेर नागरी विमानवाहतूक खात्याचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांनी त्यांच्या पत्राची दखल घेतली आणि वंगण तेलाचे उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. वेकफिल्ड आणि ॲमी यांचे वडील या दोघांच्या पैशातून सुमारे ६०० पौंडांना एक जुने जिप्सी मॉथ विकत घेण्यात आले. त्याचा नोंदणी क्रमांक 'जी-एएएएच' असा होता. वडिलांच्या मासळी व्यवसायाच्या व्यापारचिन्हावरून विमानाचे नाव 'जेसन' ठेवण्यात आले. गडद हिरव्या रंगावर रुपेरी अक्षरे असे त्याचे रूप होते.

या विमानात जादा इंधनटाक्या बसवलेल्या होत्या. त्यामुळे ते बराच वेळ हवेत राहू शके, पण उड्डाण घेताना त्याचे वजनही पुष्कळ वाढे. सुटे भाग, अवजारे, प्रथमोपचाराची पेटी, हवाई छत्री आणि एक पिस्तूल असे सामान ॲमी यांनी बरोबर घेतले. एक जादा प्रोपेलर विमानाच्या बाजूला बांधून ठेवला. हा प्रोपेलर नेण्याचा निर्णय पुढे अत्यंत मोलाचा ठरला.

इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया

५ मे १९३० रोजी लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरून ॲमी यांनी उड्डाण केले. निरोप द्यायला वडील आणि मोजकेच परिचित आले होते. वृत्तपत्रांनी या घटनेची फारशी दखल घेतली नाही.

पहिला मुक्काम व्हिएन्ना आणि दुसरा कॉन्स्टँटिनोपल येथे झाला. पुढे तुर्कस्तानातील टॉरस पर्वताच्या खिंडीतून, ढगांनी दृष्टी अडवलेली असताना, त्या अलेप्पोला पोहोचल्या. अलेप्पो ते बगदाद या टप्प्यात वाळूच्या वादळाने त्यांना वाळवंटात उतरण्यास भाग पाडले. वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून त्यांनी चाकांपाशी सामान रचले, इंजिन झाकून घेतले आणि वादळ ओसरेपर्यंत त्या तेथेच थांबून राहिल्या. बगदाद आणि बंदर अब्बास येथे चाकांच्या आधाराच्या दांड्यांची दुरुस्ती करून घ्यावी लागली.

रोजचा क्रम ठरलेला होता. दिवसभर उघड्या कॉकपिटमध्ये उड्डाण केल्यावर मुक्कामी पोहोचताच इंधन भरणे, गाळण्या स्वच्छ करणे, स्पार्क प्लग तपासणे आणि वंगण बदलणे ही कामे सुरू होत. ती संपल्यावर दोन-तीन तासांची झोप मिळे आणि पहाटे पुन्हा उड्डाण करावे लागे. इंधन गाळूनच टाकीत घातले जाई, कारण पाण्याचा किंवा कचऱ्याचा अंश आत गेल्यास इंजिन हवेत बंद पडण्याचा धोका असे.

१० मे रोजी, सहाव्या दिवशी, त्या कराचीला उतरल्या. हिंकलर यांच्यापेक्षा त्या येथे दोन दिवस लवकर पोहोचल्या होत्या. ही बातमी पसरताच साऱ्या जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. दुसऱ्या दिवशी कराचीहून अलाहाबादकडे जाताना इंधन संपत आल्यामुळे त्यांना वाटेत झाशी येथे लष्करी छावणीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. ब्रेक नसलेले विमान बराकींपर्यंत धावत गेले आणि त्याच्या पंखाला इजा झाली. छावणीतील लोकांच्या मदतीने ती दुरुस्त करून त्या अलाहाबादमार्गे कलकत्त्यास पोहोचल्या.

कलकत्त्याहून पुढे मोसमी पावसाचे ढग सुरू झाले. रंगूनचे मैदान शोधताना पावसात काहीच स्पष्ट दिसत नव्हते. शहराच्या उत्तरेस इन्सेन येथील तंत्रशिक्षण संस्थेच्या क्रीडांगणावर त्या चुकून उतरल्या आणि विमान एका चरात गेले. प्रोपेलर मोडला, पंख फाटला आणि चाकांचा सांगाडा वाकला. बरोबर आणलेला जादा प्रोपेलर येथे उपयोगी पडला. संस्थेतील शिक्षक आणि विद्यार्थी यांनी दुरुस्तीचे काम अंगावर घेतले. महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे कोणी शिवून घेतले होते. ते उसवून त्यांच्या ठिगळांनी पंख मढवण्यात आला. रोगण तेथेच तयार करण्यात आले. या कामात जवळजवळ तीन दिवस गेले आणि हिंकलर यांचा विक्रम मोडण्याची संधी हातची निसटली.

तरीही त्यांनी प्रवास पुढे चालू ठेवला. बँकॉक, सिंगोरा आणि सिंगापूर असे टप्पे घेत त्या जावा बेटावर आल्या. तेथे एका साखर कारखान्याच्या जमिनीवर उतरताना बांबूच्या खुंट्यांनी पंखांना भोके पडली. ती चिकटपट्टी लावून बुजवण्यात आली. तिमोर बेटावर ठरलेले ठिकाण न सापडल्याने त्या एका दूरच्या खेड्याजवळ उतरल्या. त्यांचा ठावठिकाणा काही काळ कळला नाही, तेव्हा त्या बेपत्ता झाल्याची भीती जगभर व्यक्त होऊ लागली.

शेवटचा टप्पा तिमोर समुद्रावरचा होता. सुमारे ८०० किलोमीटर पाण्यावरून एकच इंजिन असलेले विमान न्यायचे होते आणि वाटेत उतरण्यास कोठेही जागा नव्हती. २४ मे १९३० रोजी दुपारी त्या ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे सुखरूप उतरल्या. प्रवासास साडेएकोणीस दिवस लागले होते. हिंकलर यांचा विक्रम अबाधित राहिला, परंतु ॲमी यांच्या यशाचे मोल त्यामुळे कमी झाले नाही.

डार्विननंतर ऑस्ट्रेलियात ठिकठिकाणी त्यांचे स्वागत झाले. २९ मे रोजी ब्रिस्बेन येथे प्रचंड गर्दीसमोर उतरताना विमान मैदानाच्या हद्दीबाहेर गेले आणि उलटले. ॲमी यांना दुखापत झाली नाही. साडेएकोणीस दिवसांचा थकवा अंगात असताना सलग उड्डाणे करीत राहण्याचा हा परिणाम होता, असे मानले जाते.

सन्मान

ब्रिटिश राजाने ॲमी यांना 'कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा किताब दिला. 'डेली मेल' या वृत्तपत्राने त्यांना १०,००० पौंड देऊ केले आणि त्याच्या मोबदल्यात देशभर दौऱ्याचा करार केला. ऑगस्ट १९३० मध्ये त्या इंग्लंडला परतल्या, तेव्हा क्रॉयडनपासून लंडनपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा लोक जमले होते. त्यांच्यावर गाणी रचली गेली. मात्र सततच्या सत्कारांनी त्यांची प्रकृती ढासळली आणि दौरा मध्येच थांबवावा लागला.

सिडनीच्या शाळकरी मुलांनी वर्गणी काढून त्यांना भेट दिली होती. त्या पैशातून ॲमी यांनी एक सुवर्णचषक करवून घेतला आणि धाडस दाखवणाऱ्या मुलांसाठी तो हल शहराला अर्पण केला.

पुढील उड्डाणे

जानेवारी १९३१ मध्ये ॲमी यांनी ऐन हिवाळ्यात लंडनहून पेकिंगला जाण्याचा प्रयत्न केला. पोलंडमध्ये धुक्यात सापडून त्यांना उतरावे लागले आणि विमानाची हानी झाली. ऋतूची निवड चुकली होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांनी जॅक हम्फ्रीज यांना बरोबर घेऊन बंद कॉकपिटच्या 'पस मॉथ' विमानातून लंडन ते टोकियो हा प्रवास यशस्वी केला. या वेळी लंडनहून मॉस्कोपर्यंतचा पल्ला त्यांनी एकाच दिवसात गाठला.

१९३२ साली त्यांचा विवाह जिम मॉलिसन या स्कॉटिश वैमानिकाशी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी एकटीने लंडन ते केपटाऊन हा प्रवास करून पतीचाच विक्रम साडेदहा तासांनी मोडला. यासाठीही त्यांनी पस मॉथ वापरले. या जातीच्या विमानांचे पंख खवळलेल्या हवेत तुटून काही प्राणघातक अपघात झाले होते. हिंकलर यांचाही मृत्यू जानेवारी १९३३ मध्ये इटलीच्या डोंगरात पस मॉथ कोसळूनच झाला.

जुलै १९३३ मध्ये मॉलिसन दांपत्याने वेल्सच्या किनाऱ्यावरून न्यूयॉर्ककडे उड्डाण केले. ३९ तासांनंतर, न्यूयॉर्क जवळ आले असताना, इंधन जवळजवळ संपले. अंधारात ब्रिजपोर्ट येथे उतरण्याच्या प्रयत्नात विमान कोसळले आणि दोघेही जखमी झाले.

ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न या विमानशर्यतीत हे दांपत्य 'ब्लॅक मॅजिक' नावाचे 'कॉमेट' विमान घेऊन उतरले. बगदादपर्यंत न थांबता जाऊन आणि कराचीपर्यंतचा विक्रम करून ते आघाडीवर होते. कराचीनंतर त्यांची वाट चुकली आणि त्यांना जबलपूरला उतरावे लागले. तेथे विमानाचे इंधन मिळाले नाही, म्हणून मोटारबससाठी ठेवलेले पेट्रोल भरण्यात आले. उच्च दाबावर चालणाऱ्या इंजिनाला ते मानवले नाही. एक दट्ट्या जाम झाला आणि वंगणाची नळी फुटली. एकाच इंजिनावर ते कसेबसे अलाहाबादला पोहोचले आणि शर्यतीतून बाहेर पडले.

मे १९३६ मध्ये 'पर्सिव्हल गल' या विमानातून ॲमी यांनी केपटाऊनचा विक्रम पुन्हा आपल्या नावावर केला. हा त्यांचा अखेरचा मोठा विक्रम होय. १९३५ ते १९३७ या काळात त्या विमेन्स इंजिनियरिंग सोसायटी या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. १९३८ साली त्यांचा घटस्फोट झाला. या काळात त्या इंजिन नसलेल्या ग्लायडरच्या उड्डाणाकडे वळल्या आणि तो छंद त्यांनी मनापासून जोपासला. १९३९ साली त्यांचे 'स्काय रोड्स ऑफ द वर्ल्ड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

भारतीय विमानविद्येचा समकाल

ॲमी यांच्या उड्डाणाचा काळ हा भारतीय विमानविद्येच्याही आरंभाचा काळ होता. जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. त्यासाठी टाटा मे १९३० मध्ये जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून पश्चिमेकडे निघाले होते, तर ॲस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे येत होते. हे पारितोषिक इंजिनियर यांनी पटकावले. त्याच महिन्यात ॲमी जॉन्सन त्याच जातीच्या विमानातून कराची व झाशीमार्गे पुढे गेल्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा यांनी कराचीहून जुहूला टपाल आणले, ते पस मॉथ विमानातूनच. छोट्या विमानांनी खंडाखंडांतील अंतर कमी करण्याच्या या प्रयत्नात भारत हा एक महत्त्वाचा टप्पा होता.

दुसरे महायुद्ध आणि मृत्यू

युद्ध सुरू झाल्यावर १९४० साली ॲमी 'एअर ट्रान्सपोर्ट ऑग्झिलरी' या संघटनेत दाखल झाल्या. कारखान्यांतून आणि दुरुस्ती केंद्रांतून लष्करी विमाने हवाई तळांवर पोहोचवणे हे या संघटनेचे काम होते. तिच्या वैमानिकांना रेडिओशिवाय उड्डाण करावे लागे. जमीन दिसत राहील इतपत हवामान असेल तरच निघावे, अशी अपेक्षा असे आणि निघण्याचा अंतिम निर्णय वैमानिकाचा असे.

जानेवारी १९४१ च्या आरंभी ॲमी यांच्याकडे स्कॉटलंडमधील प्रेस्टविकहून ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टन तळावर 'एअरस्पीड ऑक्सफर्ड' हे दोन इंजिनांचे विमान नेण्याचे काम आले. वाटेत त्यांनी ब्लॅकपूल येथे आपल्या बहिणीकडे मुक्काम केला. ५ जानेवारीला सकाळी हवामान वाईट होते. दुपार होण्याच्या सुमारास त्या ब्लॅकपूलहून निघाल्या. हा प्रवास साधारण तासाभराचा होता. सुमारे साडेतीन तासांनंतर त्यांचे विमान मार्गापासून पुष्कळ दूर, थेम्स नदीच्या मुखावर, हर्न बे गावाजवळ होते. ढगांच्या थरावर अडकून त्यांना जमीन दिसली नाही आणि इंधन संपत आल्यावर त्यांनी हवाई छत्रीने उडी घेतली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. विमान आपल्याच तोफांच्या माऱ्यात सापडले, असा दावाही पुढे करण्यात आला. या घटनेविषयी मतभेद आहेत.

जवळून जाणाऱ्या 'हॅझलमियर' या नौदलाच्या जहाजावरील लोकांना छत्री खाली येताना दिसली. समुद्र खवळलेला होता, पाणी गोठण्याइतके थंड होते आणि बर्फ पडत होते. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी स्वतः पाण्यात उडी घेतली. मात्र ॲमी यांना वाचवता आले नाही. त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. पाण्यातून काढलेल्या फ्लेचर यांचेही थंडीमुळे निधन झाले. त्यांना मरणोत्तर अल्बर्ट पदक देण्यात आले. ॲमी यांचे वय मृत्यूसमयी ३७ वर्षांचे होते.

मूल्यमापन

ॲमी जॉन्सन यांच्या उड्डाणांचा विचार करताना विमानविद्येचे अभ्यासक दोन बाजू दाखवतात. इंजिनाच्या देखभालीबाबत त्या काटेकोर होत्या. १८,००० किलोमीटरच्या प्रवासात जेसनच्या इंजिनाने त्यांना दगा दिला नाही, याचे श्रेय रोज रात्री केलेल्या तपासणीला दिले जाते. सुटे भाग बरोबर ठेवणे, इंधन गाळून भरणे आणि उतरल्यावर आधी विमानाकडे पाहणे या त्यांच्या सवयी आजही लहान विमानांच्या मालकांना शिकवल्या जातात त्याच आहेत.

दुसरी बाजू दिशाशोधन आणि उतरण्यासंबंधीची आहे. झाशी, इन्सेन, जावा, ब्रिस्बेन आणि ब्रिजपोर्ट येथील अपघातांत इंजिनाचा दोष नव्हता. इंधनाचा अंदाज, खराब दृश्यता, अनोळखी मैदान किंवा थकवा यांपैकी एखादे कारण प्रत्येक वेळी आढळते. हलक्या विमानांच्या अपघातांत हीच कारणे आजही वारंवार दिसतात. वाईट हवामानात न निघणे किंवा वेळेवर परत फिरणे हा सुरक्षित उड्डाणाचा पहिला नियम मानला जातो. अखेरच्या प्रवासात ॲमी यांना तो पाळता आला नाही.

स्मृती

'जेसन' विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेले आहे. ॲमी यांना मिळालेली पदके, भेटवस्तू आणि त्यांच्या वापरातील सामान त्यांच्या वडिलांनी १९५८ साली यॉर्कशायरमधील ब्रिडलिंग्टनजवळच्या सूअरबी हॉल या संग्रहालयास दिले. हल आणि हर्न बे येथे त्यांचे पुतळे आहेत. शेफिल्ड विद्यापीठातील एका इमारतीस त्यांचे नाव देण्यात आले आहे. १९४२ साली त्यांच्या जीवनावर 'दे फ्लू अलोन' हा चित्रपट निघाला. त्यात त्यांची भूमिका ॲना नीगल यांनी केली होती.